किशनमामांच्या सीटवर मी बसले

आमचा ट्रक लांबून येताना दिसला, की नवख्या माणसाला वाटायचं, गाडी आपली आपणच चालून राहिली. काचेतून स्टिअरिंग दिसायचं, त्यावर दोन हात दिसायचे आणि हातांच्या मधोमध एक पांढरी टोपी. बस्स. टोपीखालचा माणूस गाडी पार दारात येईपर्यंत दिसत नसे. अहमदपूरच्या नाक्यावर एकदा एका नव्या हवालदारानं गाडी अडवली आणि वर बघून विचारलं, "अरे, ड्रायव्हर कुठाय?" तर खिडकीतून आवाज आला, "ह्यो काय साहेब, बसलोय की. जरा टाचा वर करा, दिसंल." हा किस्सा किशनमामा स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

पाच फुटाला दोन बोटं कमी, वजन पन्नास किलोच्या आतबाहेर, डावा पाय उजव्यापेक्षा जरा आखूड. लहानपणी बाभळीवरून पडले होते म्हणे. नायगावच्या जवळचं त्यांचं खेडं. माझ्या वडिलांची उदगीरला दाळमिल होती, तिथं ते ट्रकावर लागले तेव्हा मी फ्रॉक घालत होते. वडील गेल्यावर भावांनी मिल ठेवली आणि मी भांडून ट्रक घेतला. भांडून म्हणजे चांगलं कडाकडा भांडून, त्यात मी कुणाला हार जात नाही. तो ट्रक माझ्या सासरी लातूरला आला आणि त्याच्यासोबत किशनमामाही आले. भावांनी त्यांना थांबवायला लई मिनत्या केल्या. मामांचं एकच, "गाडी जितं, मी तितं."

माहेरी मला सगळे आक्का म्हणायचे, तेच त्यांनी चालू ठेवलं. लातूरच्या मिलमधून दाळ भरायची, नांदेडला, देगलूरला, कधी पार हैदराबादला टाकायची, येताना मिळेल ते भाडं आणायचं, असं आमचं चालायचं. माल पोचला, की दर वेळी त्यांचा फोन यायचा. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरायचे आणि ओरडायचे, "हाव! आक्का! मी किशन बोलून राहिलो, नायगावचा!" जसं काही माझ्याकडं दहा गावचे दहा किशन होते. वीस वर्षं रोज हेच. आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, शाळेत मास्तर आहेत, ते शेजारच्या खोलीतून म्हणायचे, "नायगावचे पोचले वाटतं."

सकाळी गाडी काढण्याआधी ते खाली उतरून सगळ्या टायरांना तळहात लावायचे. लोक लाथ मारून बघतात, हे हात लावायचे, घरात लेकराला ताप आहे का बघतात तसा. चहा बशीतच प्यायचे. भाकरी आणि ठेचा केबिनमध्येच खायचे, धाब्यावर बसायचे नाहीत. आणि हॉर्न! त्या माणसाला हॉर्न वाजवायचा म्हणजे जिवावर यायचं. एकदा लोह्याच्या अलीकडं मी सोबत होते, नांदेडला एका व्यापाऱ्याला भेटायचं होतं, उशीर झालेला. पुढं रस्ताभर मेंढरं. मी म्हणाले, "मामा, हॉर्न मारा ना." मामांनी इंजिनच बंद केलं.

"आक्का, ती घराकडं चाललीत. आपण कामाला चाललोत. आधी ज्याला घरी जायचंय त्याला जाऊ द्यावं."

"आणि माझा व्यापारी?"

"त्यो बसलाच असंल गादीवर. कुटं जातंय."

मी चरफडत बसले. मेंढपाळानं जाताना हात केला आणि मामांनी टोपी काढून त्याला रामराम घातला, जणू सोयराच भेटला.

त्यांची एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळायला पाहिजे होती. माझ्या वडिलांनी एका दिवाळीला त्यांना बूट घेऊन दिले होते. वडील दांडगे होते, त्यांनी दुकानात आपल्या पायावरून अंदाज केला असावा. बूट मामांना दोन नंबर मोठे. दुसरा कुणी असता तर बदलून आणले असते. मामांनी पुढं कापूस कोंबला, मागं कागद कोंबला आणि दोन वर्षं ते बूट घातले. चालताना फटफट आवाज यायचा. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला गयाबाईनं, त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं, मी पोट धरून हसले होते. मामांना विचारलं तर म्हणाले, "देणाराच्या हाताला नावं ठेवू न्हाईत, आक्का." मला ते फार आवडलं होतं. मी चार जणांत ते वाक्य सांगत फिरले, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

आता सीटकडं येते. इतका वेळ मेंढरं आणि बूट सांगत बसले ते त्यासाठीच, की सीटचं सांगायला जीभ उचलत नाही.

ट्रकाची मूळ सीट कधीच बसली होती. काथ्याचा भुगा झालेला, दोन स्प्रिंगा वर आलेल्या. मामांनी तिच्यावर आपली सीट रचली होती, हळूहळू, वर्षानुवर्षं. खाली टायरच्या ट्यूबचा कापलेला तुकडा. त्यावर घडी घातलेलं पोतं. त्यावर गयाबाईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, सीटच्या मापानं कापून टाचलेली. डाव्या अंगाला पाठीमागून एक जास्तीची घडी, आणि मधोमध त्यांच्या बसण्याचा खळगा. वरचं रेग्झीन दहा ठिकाणी फाटलेलं, त्यातून लुगड्याची हिरवी किनार डोकवायची. दोन-तीन महिन्यांनी ते सगळं बाहेर काढायचे, उन्हात टाकायचे, पुन्हा थर लावायचे, कुठं बोटभर चढवायचे, कुठं उतरवायचे. मग वर बसून क्लच दाबून बघायचे, पुन्हा उतरायचे. मी खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "मामा, पाळणा सजवताय का?"

त्यांनी एकदा मला सांगितलं होतं, "आक्का, सीटखालची फळी चिरलीय. तेवढी एक बदलून द्याल का?" तेवढी एक फळी. त्या माणसानं वीस वर्षांत माझ्याकडं मागितलेली बहुतेक ती एकच वस्तू. मी म्हणाले, "बघू." आणि विसरले. पुढं त्यांनीच कुठल्या तरी खोक्याची फळी ठोकून घेतली असणार.

मग एक दिवस लातूरला माल भरताना एक व्यापारी कशासाठी तरी आमच्या केबिनमध्ये चढला आणि पाच-सहा माणसांत मोठ्यानं म्हणाला, "आक्का, एवढ्या मोठ्या घरच्या तुम्ही, आणि ड्रायव्हरच्या बुडाखाली उकिरडा?" सगळे हसले. माझं अंग नुसतं जळलं. मामा तिथंच पावती हातात घेऊन उभे होते, तेही हसले. घरी येऊन मी सरांना सांगितलं, "मामांचे फार हाल होतात हो त्या सीटवर. नवी करून देते." सर म्हणाले, "त्यांना विचारलंस?" मी म्हणाले, "त्यात काय विचारायचं?" सर म्हणाले, "तू लोकांचं भलं करत नाहीस, तोंडावर फेकून मारतेस." सरांना असलं बोलायची सवयच आहे म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण खरं सांगायचं तर मला मामांची पाठ दिसत नव्हती, त्या पाच-सहा माणसांची तोंडं दिसत होती. आज कबूल करते, तेव्हा केलं नसतं.

पितृपक्षात मामा गावाकडं जायचे ते थेट दसऱ्यालाच परत यायचे. तो मोका साधला. दसऱ्याला गाडीची पूजा असते, तेव्हा नवी सीट बघून मामा चाट पडले पाहिजेत, असा माझा बेत. मिस्त्रीकडून सीट खोलून घेतली, पिकअपमध्ये टाकली आणि नांदेड गाठलं. ट्रकांच्या सीटा भरणारे हमीदचाचा तिथले. पिकली दाढी, बोटांना कायम सोल्युशनचा वास. मराठवाड्यातले अर्धे ड्रायव्हर त्यांच्याच फोमवर बसतात, असं ते म्हणायचे आणि ड्रायव्हरही म्हणायचे.

चाचांनी आधी सीटकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मागं. "सीट आणली बाई. बैठनेवाला किधर है?"

"ते गावाला गेलेत. त्यांना न सांगता करायची आहे."

चाचांनी सीट ओट्यावर ठेवली आणि दोन्ही तळहात खळग्यात टेकवले. डोळे मिटले. "आदमी हलका हाय. डावा पाय आखूड हाय का त्याचा?"

मी दचकलेच. "तुम्हाला कसं कळलं?"

"हे बघा. डाव्या बाजूला मागून त्यानं एक घडी जास्त दिली, कंबर पुढं सरकते. क्लचला पाय पुरला पायजे म्हणून." त्यांनी गोधडीवरून बोट फिरवलं. "बाई, ही सीट फाटकी हाय, बिघडलेली न्हाई. बहुत मेहनतसे बनायी है. मी वरून नवं रेग्झीन चढवतो. आतलं राहू द्या."

"छे! जुन्यावर नवं? असलं अर्धवट मला चालत नाही. सगळं काढा, चांगला फोम घाला. उत्तम प्रतीचा."

"मग आदमी पायजे. त्याच्याबिगर मी सीट भरत न्हाई."

ते खरंच होतं. चाचांच्या दुकानात एक लाकडी चौकट होती, तिच्यावर कच्चा फोम ठेवून ड्रायव्हरला बसवायचे, पुढं विटा मांडून त्यावर पाय दाबायला लावायचे. मग मांडीखाली बोटं घालून बघायचे. चार बोटं गेली पाहिजेत, पाचवं नको. मग फोम तासायचे, पुन्हा बसवायचे. एकेका ड्रायव्हरला दोन-दोन तास लागायचे. मी म्हणाले, "चाचा, मला परत लातूरला जायचंय. मी बसते. घ्या माप."

"तुम्ही?"

"का? मी माणूस नाही का?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मी पदर खोचला आणि चौकटीवर चढून बसले. माझी उंची चांगली साडेपाच फूट आणि वजन तेव्हा ब्याऐंशी किलो. मी बसले तसा मऊ फोम चपटा झाला, म्हणून चाचांनी कडक फोम घातला. बाईमाणूस म्हणून ते मांडीखाली हात घालेनात. तोंड फिरवून म्हणाले, "तुम्हीच बघा बाई. किती बोटं जातात?"

मी बघितलंच नाही. "चार, चार," म्हणाले.

"फोन तो लगाओ उनको. दोन मिनिटाचं काम."

"चाचा, सरप्राइज आहे म्हटलं ना!"

चाचांनी कात्री उचलली. "बैठनेवाले की सीट का सरप्राइज नै करते बाई. बाकी आपकी मर्जी."

मरून रंगाचं रेग्झीन, पिवळी पायपिंग, पाठीला फुगीर पट्ट्या. सीट अशी झाली की नवरदेवाला बसवावं. जुना माल चाचांनी एका पोत्यात भरून माझ्या हातात दिला, म्हणाले, "हे त्याला द्या. फेकू नका." मी ते पोतं दुकानामागच्या कचऱ्यावर ठेवून आले. गाडीला वास लागेल म्हणून.

दसऱ्याला दारात ट्रक धुऊन उभा केला होता. झेंडूच्या माळा, उसाची दोन टिपरं, नारळ. आजूबाजूचे लोक जमलेले. मामा नव्या धोतरात आले, टायरांना हात लावत पुढं आले आणि मी केबिनचं दार उघडलं. ते खालून वर बघत राहिले. मी मोबाइल धरून उभी. "बसा ना मामा!"

ते चढले. बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचे पाय दिसले. टाचा खाली टेकत नव्हत्या. बोटं खाली केलेली, उंच बाकावर बसवलेल्या लहान पोरीसारखी. मी ते बघितलं. हे मला कुणी नंतर सांगितलेलं नाही, मी तेव्हाच, माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मला हसू आलं. मी म्हणाले, "मामा, आता तुमची टोपी नाही, तोंड पण दिसतंय!" सगळे खो खो हसले.

"राजाची गादी हाय, आक्का," मामा म्हणाले. मग हळूच विचारलं, "आतलं जुनं कुटं टाकलं?"

"उकिरड्यावर!" मी ठसक्यात म्हणाले.

"बरं केलं," म्हणाले. मी त्यांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. त्या व्यापाऱ्यानं बघितला का तेही तपासलं.

पुढचे सहा महिने आता आठवते तेव्हा प्रत्येक गोष्ट पायात काटा मोडावा तशी सलते. नांदेडच्या खेपेला मामांना तास-दीड तास जास्त लागायला लागला. वाटेत दोन-दोनदा थांबायचे. मी फोनवर काय म्हणाले असेन? "मामा, आता तर गादी पण नवी आहे. आता कसला उशीर?" तिकडून, "हाव आक्का, चुकलं." एकदा मी क्लचच्या पायट्यावर जुन्या चपलेचा तळ तारेनं बांधलेला बघितला, चांगला दोन बोटं जाड. विचारलं तर म्हणाले, "पाय घसरतो." मी मान डोलावली. उतरताना ते दार धरून उभे राहायचे, लगेच चालायचे नाहीत. टायरांना हात लावायला वाकायचे तेव्हा एक हात कमरेवर. मला वाटलं, वय झालं.

गुढीपाडव्याच्या आधी ते घरी आले, चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आक्का, डोळ्याला कमी दिसून राहिलंय. आता दुसरा माणूस बघा."

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. ऐन हंगामात सोडतात म्हणून. तरी मी रीतसर धोतर-टोपीचा आहेर केला, गयाबाईला लुगडं दिलं. जाताना ते ट्रकाजवळ गेले, टायरांना हात लावला, केबिनकडं मात्र वळले नाहीत. मी सरांना म्हणाले, "बघा, एवढी सीट करून दिली, वर्षभर पण टिकले नाहीत."

नवा ड्रायव्हर हिमायतनगरकडचा, उंचापुरा गडी. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "आक्का, सीट एक नंबर हाय. पण एक कळंना. मागं सगळी कोरी करकरीत हाय, आणि पुढची कड तेवढी घासून गेलीय. आधीचा माणूस सीटवर बसतच नव्हता का?"

मी केबिनमध्ये चढले. मरून रेग्झीन मागं लखलखत होतं. पाठीच्या पट्ट्यांना कुणाची पाठ लागलेलीच नव्हती. पुढची चार बोटांची कड मात्र पांढरी पडलेली, पिवळी पायपिंग तुटलेली. सहा महिने तो माणूस त्या चार बोटांवर टेकून, पाय खाली ताणून, पाठीला काही आधार नसताना दाळ वाहत होता. माझी दाळ. मी तिथंच स्टिअरिंगला धरून बसले आणि मला रडू फुटलं. खाली तो गडी घाबरून विचारून राहिला, "आक्का, काय झालं? माझं काही चुकलं का?"

आता खरं तर मामांकडं नुसते हात हलवत गेले असते तरी चाललं असतं. पण मी मी आहे. रिकाम्या हातानं माफी मागायची कशी? मी हमीदचाचांना फोन लावला, म्हणाले, "एक झोपायची गादी करा. पाठ धरलेल्या माणसासाठी. मऊ पाहिजे, एकदम लुसलुशीत. आणि या वेळी माप बरोबर घ्या, उंची पाच फूट."

"किसके लिए?" चाचांनी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "पूछा उनको?"

"चाचा, वाद घालू नका. करा."

गादी घेऊन मी मामांच्या खेड्यात गेले. दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, लाकडी फाटक. मामा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, शेजारी काठी. मला बघून उठायला लागले आणि गयाबाईनं त्यांचा खांदा दाबला. डावा पाय त्यांनी हातानं उचलून बाजूला ठेवला. स्वतःचा पाय, एखादं सामान सरकवावं तसा.

चुलीपाशी गयाबाईनं मला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरनं तपासलं, कमरेतली शीर दबलीय. डाव्या पायाच्या बोटांना काही कळत नाही. डोळे चांगले आहेत, अजून सुईत दोरा ओवतात. गाडी आता काही चालवता येणार नाही. "मी रोज म्हणायची, आक्काला सांगा की. तर म्हणायचे, आक्कानं हौसेनं केलंय, चार मानसांत टाळ्या वाजवल्यात, आता काय सांगू? तिला वाईट वाटंल." तिनं चहात साखर टाकली. "मला तुमचा राग न्हाई आक्का. राग ह्येंचाच येतो. पण ह्येंच्यावर तरी किती येळ रागवावं?"

मी आत जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मांडीवर हात ठेवून म्हणाले, "मामा, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं नाही."

"काय चुकलं?" ते हसले. "तुमच्या मनात तर चांगलंच व्हतं ना?"

"नव्हतं मामा. सगळं चांगलं नव्हतं. मला लोकांना दाखवायचं होतं."

त्यांनी काठी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "मालकांनी बूट दिले तवा बी लोकांना दाखवायचंच असंल थोडं. मानूस हाय. चालतंय."

मी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, डोळे पुसले आणि उठून गाडीतली गादी आणवली. निळ्या फुलांचं कव्हर. अंथरली तशी अर्धी खोली भरली. गयाबाई म्हणाली, "आक्का, पण डॉक्टर तर म्हणले व्हते की…"

"गया," मामा म्हणाले, "आक्काला पानी दे."

मग ते काठी टेकत, भिंतीला धरत गादीपाशी आले. बसले. दोन्ही हातांनी पाय उचलून वर घेतला आणि आडवे झाले. गादी त्यांच्याखाली इतकी दबली की ते त्या निळ्या फुलांत बुडाल्यासारखे दिसले. कपाळावर घाम आला होता. "लई झ्याक हाय," म्हणाले. "आता झोप लागतीय बगा." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरचं ओझं चांगलं पायलीभर उतरलं. मी त्यांच्या पाया पडले, गयाबाईला भेटले आणि निघाले.

गावाबाहेरच्या पुलापर्यंत आल्यावर लक्षात आलं, चष्मा कोनाड्यातच राहिला. पुलावर गाडी वळवायला जागा नव्हती, तिथंच उभी करून चालत परत गेले. भर दुपार, अंगणात कुणी नव्हतं. फाटक नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

मामा जमिनीवर होते. नुसत्या फरशीवर, उताणे, दोन्ही हात अंगाबरोबर, डोळे मिटलेले. गयाबाई गादी गुंडाळत होती. त्यांनी एक लांब श्वास सोडला, दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसानं बसताना सोडावा तसा. "हां," म्हणाले. "आता बरं वाटलं."

"तरी सांगत व्हते," गयाबाई म्हणाली. "डॉक्टरनं कडक जागेवर पडा म्हणून बजावलंय. मऊवर पडलं की रातभर कळा. कशाला चढलाव?"

"पोरीनं एवढ्या लांबून आनलीय," मामा डोळे न उघडता म्हणाले. "नीट गुंडाळ. वर माळ्यावर टाक, धूळ लागू देऊ नको. पुन्हा आली की काढावी लागंल."

मी आले तशी मागं फिरले. फाटकाचा आवाज होऊ नये म्हणून ते तसंच उघडं ठेवलं. लातूरला येऊन नवा चष्मा केला. सर दर महिन्याला विचारतात, मामांना भेटून ये की, त्यांना बरं वाटेल. मी काही तरी कारण सांगते. मी गेले, की त्यांना उठून त्या गादीवर झोपावं लागेल.